ड्रिंक अँड ड्राइव्हमध्ये लायसन्स गेलं? सुनावणी आणि ३० दिवस सोडू नका

पिऊन गाडी चालवणं चूकच, त्यात दुमत नाही. पण पकडलं म्हणजे सगळं संपलं असं समजून माणसं गप्प बसतात आणि हक्क घालवतात, म्हणून लिहितोय. माझ्या मेव्हण्याला कोल्हापुरात रंकाळ्याजवळ नाकाबंदीत पकडलं तेव्हा आम्हालापण यातलं काही माहीत नव्हतं.

मशीनमध्ये फुंकल्यावर रीडिंगची स्लिप मागा, वेळ आणि आकडा बघून फोटो काढून ठेवा. दारूसाठी लिमिट १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, त्याच्यावर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. अटक केली तर २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं, कलम २०२ मध्येच आहे हे. सीपीआर हॉस्पिटलला नेलं तर केसपेपरवरची वेळ बघून घ्या.

लायसन्स जप्त करून पोलिस आरटीओकडं पाठवतात आणि हातात पोचपावती देतात, इथंच लय घोळ होतो. मेव्हणा ती पावती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवून आठवडाभर गाडी फिरवत होता, घामानं घडीवरची शाई पार पुसली तरी त्याला वाटायचं हेच लायसन्स. तसं नाही, लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही.

आता महत्त्वाचं. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आरटीओला लायसन्स सस्पेंड करता येत नाही. सुनावणीची तारीख आली की जावाच, म्हणणं लेखी द्या, स्लिप आणि डॉक्टरचे पेपर जोडा, आपल्या कॉपीवर शिक्का मारून घ्या. पटलं तर ते सोडूनही देऊ शकतात, नाहीतर पहिल्यांदा ३ महिने आणि दुसऱ्यांदा लायसन्स रद्दच. ऑर्डरमध्ये कारणं लिहिलेली पाहिजेत. ऑर्डर हातात पडल्यापासून ३० दिवसात अपील करता येतं, म्हणून पोस्टाचं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीखच कामाला येते. सस्पेंड झालं तर रिफ्रेशर ट्रेनिंगपण करावं लागतं.

कोर्टाची केस वेगळी, ती कसबा बावड्याला. जागेवर पैसे भरून १८५ मिटत नाही. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घाईत गुन्हा कबूल केला तर नंतर अपील फक्त शिक्षेपुरतं उरतं, म्हणून आधी वकिलाशी बोला. महिला, एससी-एसटी आणि कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.