आधी नाव, मग एच-इंडेक्स

फोंडा तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची लायब्ररी मी सांभाळते. प्रमोशनची फाईल लावायची वेळ आली की कॉम्प्युटर विभागातली तरुण मंडळी येतात आणि विचारतात, "मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून देता?" एच-इंडेक्स म्हणजे तुमच्या पेपरांचा दुसऱ्या पेपरांत किती वेळा संदर्भ (सायटेशन) आला, यावरून काढलेला एक आकडा. मी त्यांना आधी त्यांचे पेपर ज्या ज्या नावाने छापून आलेत ती सगळी नावे कागदावर लिहायला लावते.

गोव्यात हे फार गरजेचे आहे. देसाई लिहिताना इंग्रजी 'एस' कुणी एकदा घालतो, कुणी दोनदा. नाईकांत कुणाच्या नावात 'के', तर कुणाकडे पोर्तुगीज वळणाचा 'क्यू'. एका पेपरवर वडिलांचे पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची तर अर्धी नोंद माहेरच्या नावावर राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण काम तिचेच असते. म्हणून पहिल्या पेपरच्या आधीच एक स्पेलिंग ठरवा आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा. तो 16 अंकी असतो, फुकट मिळतो, नाव बदलले तरी बदलत नाही. जुनी नावेही तिथे नोंदवता येतात. पुढे पेपर पाठवताना तो क्रमांक प्रत्येक वेळी भरा.

मग गूगल स्कॉलरवर, म्हणजे पेपर आणि त्यांची सायटेशन दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेवर, प्रोफाइल उघडा. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. नवे पेपर आपोआप जोडण्याची मुभा दिलीत तर दुसऱ्याचे पेपरही तुमच्या यादीत येऊन बसतात. इमेज प्रोसेसिंग शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या यादीत कोळंबीच्या रोगांवरचे पेपर होते, आणि सर्वांत जास्त सायटेशन त्यांनाच! आडनाव आणि आद्याक्षर जुळले, एवढेच. सेटिंगमध्ये 'आधी मला ईमेलने विचारा' हा पर्याय निवडा, परके पेपर काढून टाका. एकच पेपर आर्काइव्हवर (arXiv, पेपर आधीच खुले ठेवण्याचे संकेतस्थळ) आणि कॉन्फरन्समध्ये असा दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करा.

ताळा करायला डीबीएलपी उत्तम. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात 1993 मध्ये सुरू झालेली ही यादी खास कॉम्प्युटर सायन्सची आहे. एकाच नावाची माणसे वेगळी ओळखता यावीत म्हणून तिथे नावापुढे 0001, 0002 असे आकडे लावतात. तुमचा पेपर तिथे नसला म्हणून तो वाईट ठरत नाही, पण का नाही ते जरूर शोधा.

आता एच-इंडेक्स. तुमच्या जास्तीत जास्त जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन असतात, तो हा आकडा. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये मांडला, आणि हाताने काढता येतो. समजा, पेपरांची सायटेशन उतरत्या क्रमाने 48, 15, 9, 6, 5, 3, 0 आहेत. पाचव्या पेपरला 5 आहेत, सहाव्याला 3च. म्हणून एच-इंडेक्स 5. पहिल्या पेपरची 48 ची 480 झाली तरी तो 5च राहतो. उलट, पाचव्या पेपरच्या 5 पैकी 2 सायटेशन तुमची स्वतःचीच असतील तर ती वगळल्यावर तो 4 वर येतो. हे गणित प्रत्येकाने एकदा कागदावर करावेच, म्हणजे आकड्याचा धाकही जातो आणि मोहही.

स्कोपस या दुसऱ्या सायटेशन-यादीवर आकडा बहुधा कमी दिसेल. घाबरू नका. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापून येण्याआधीचे पेपर), पुस्तके सगळे मोजतो, स्कोपस निवडक जर्नल, कॉन्फरन्स आणि पुस्तकेच घेतो. दोन्ही आकड्यांची सरमिसळ मात्र करू नका.

प्रमोशनच्या समितीत इतर विभागांचे लोक असतील तर एक गोष्ट आवर्जून समजावून सांगा: कॉम्प्युटर सायन्समध्ये चांगल्या कॉन्फरन्सचा पेपर पूर्ण तपासून घेतला जातो आणि त्याला जर्नलइतकाच, कधी जास्तही मान असतो. न्यूरिप्स (मशीन लर्निंग) किंवा सिगमॉड (डेटाबेस) अशा नावाजलेल्या कॉन्फरन्सचा पेपर 'नुसती कॉन्फरन्स' म्हणून बाजूला पडताना पाहिला की माझा जीव तुटतो. थिअरीवाल्यांत लेखकांची नावे बहुधा अकारविल्हे असतात, तेव्हा 'पहिला लेखक कोण' हा प्रश्न तिथे गैरलागू. मशीन लर्निंगवाल्यांना सायटेशन बहुधा जास्त मिळतात, म्हणून त्यांचे आकडेही थिअरीवाल्यांशी ताडून पाहू नयेत.

फाईलमध्ये आकड्याशेजारी तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. त्याखाली तुमचे तीनच पेपर निवडा. प्रत्येकाला सायट करणारे चार-पाच पेपर उघडून वाचा. कुणी तुमची पद्धत वापरली, कुणी ती सुधारली, कुणी प्रस्तावनेत नुसता उल्लेख केला, हे प्रत्येकी दोन ओळींत लिहा. या कामाला चतुर्थीच्या सुट्टीतली एक दुपार पुरते.