गळ्यातली गाठ आणि नौदलातली नोकरी: सोनोग्राफीच्या आधी वही

डॉकयार्डात किंवा जहाजावर वर्षं काढलेल्यांना थायरॉइडच्या कॅन्सरची शंका आली, की पाय थेट सोनोग्राफीकडे वळतात. आधी एक वही करा. ‘नेव्हीत होतो’ एवढ्यावर डॉक्टरला धोका जोखता येत नाही.

वहीत वर्षवार लिहा: जहाज किंवा वर्कशॉप, काम, रसायन, रोजचे तास, मास्क-हातमोजे होते का, पाणी कुठलं प्यायलात. तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवा. पहिली, तेलाची आग विझवणारा फोम. जुन्या एएफएफएफ या फोममध्ये पीफास, म्हणजे सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं असत. त्यांतलं पीएफओएस रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ५ वर्षं लागतात. सरावात फोम मारलात की नुसती टाकी भरलीत, तेही नोंदवा. दुसरी, सुटे भाग धुण्याची द्रावणं, विशेषतः ट्रायक्लोरोइथिलीन. ‘थिनर’ लिहून भागत नाही, त्यात काहीही असू शकतं. नाव आठवत नसेल तर बरोबरच्यांना विचारा, स्टोअरचे जुने कागद मिळाले तर पाहा. तिसरी, वेल्डिंगच्या सांध्यांची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी केलेली तपासणी. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) लावत असाल तर डोसची नोंद रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे लेखी मागा. रडार या रकान्यात घालू नका. त्याच्या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. लहानपणी मानेला रेडिएशन मिळालं असेल तर ते सगळ्यात वर लिहा, कारण थायरॉइड कॅन्सरचं सर्वांत पक्कं माहीत असलेलं कारण तेच.

रसायनांचा पुरावा त्या मानाने कच्चा आहे. अमेरिकेतल्या कॅम्प लेज्यून तळाच्या पाण्यात १९५३ ते १९८७ दरम्यान ट्रायक्लोरोइथिलीन, बेंझीन वगैरे मिसळत होतं. २०२४ च्या सरकारी अभ्यासात तिथल्या सैनिकांत थायरॉइड कॅन्सर पाणी असं दूषित नसलेल्या कॅम्प पेंडलटन तळावरच्यांपेक्षा जास्त आढळला. त्यावरून तुमच्या गाठीचं कारण ठरत नाही. मुंबईत पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं. वहीत टँकर आणि बोअरवेल मात्र वेगळे लिहा. पीफास उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. आरओने कमी होतात, पण मेंब्रेन वेळेवर बदललं तरच.

आता मान. आरशासमोर उभं राहून हनुवटी किंचित वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खाली, मानेखालच्या आडव्या हाडाच्या वर बघा. वर-खाली होणारा फुगवटा, वाढत जाणारी गाठ, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज किंवा गिळायला त्रास असेल तर डॉक्टरकडे जा. यातलं काही नसेल, घरात कुणाला हा कॅन्सर नसेल आणि मानेला रेडिएशन मिळालं नसेल, तर हौसेची सोनोग्राफी टाळा. दक्षिण कोरियात सरसकट तपासण्यांमुळे निदानं कित्येक पटींनी वाढली, मृत्यू मात्र घटले नाहीत. लोकांच्या पदरी शस्त्रक्रिया आणि जन्मभराच्या गोळ्या आल्या.

टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कॅन्सर असतानाही ते बहुधा नॉर्मलच असतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडे चुकतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात गाठीची तिन्ही मापं, टीआयरॅड्स श्रेणी (गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा १ ते ५ आकडा) आणि मानेतल्या लसिका ग्रंथी हव्यातच. नसतील तर तिथल्या तिथे मागा. सुईची तपासणी (गाठीतून सुईने पेशी काढून पाहणं) साधारणपणे श्रेणी ५ ला १ सेंटिमीटरपासून, ४ ला दीडपासून आणि ३ ला अडीचपासून. त्याहून लहान गाठीवर बहुतेकदा नजर ठेवणं पुरतं.

मुंबईत सेवेत असाल तर कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय. निवृत्तांनी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकचं रेफरल आधी घ्यावं, बिलं अडकतात ती बहुधा इथेच. परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर सुईच्या तपासणीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून मूळ स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) असल्यास तेही मागून घ्या, तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा पाहतात. जमा करताना पावती घ्या.