तोडलेल्या झाडांचे सरपण आणण्यापूर्वीची तयारी

मित्राने आवारातील झाडे पाडली असतील आणि लागेल तेवढे लाकूड घेऊन जा असे सांगितले असेल, तर कुऱ्हाडीला धार लावण्याआधी ते लाकूड आपल्याकडे कोठे रचायचे हे ठरवावे. नुकत्याच तोडलेल्या झाडात इतके पाणी असते की ते अनेकदा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरते. चांगले जळण होण्यासाठी हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यावे लागते, आणि त्यासाठी फोडून रचलेल्या लाकडालाही साधारण सहा महिने ते एक वर्ष, घट्ट आणि जड जातीच्या लाकडाला तर दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. म्हणून एवढा काळ मोकळी ठेवता येईल अशी, ऊन लागणारी, वारा खेळता राहणारी आणि पावसाचे पाणी न तुंबणारी जागा आधी निवडावी. रास थेट मातीवर नसावी. विटा किंवा आडवे वासे ठेवून ती वीतभर उंच उचलावी आणि वाळवीच्या भीतीने घराच्या भिंतीपासून दूर ठेवावी. तीन मीटर लांब आणि एक मीटर उंच जागेत 40 सेंटीमीटर लांबीच्या तुकड्यांची एक ओळ रचली, तर ती 1.2 घनमीटर होते आणि फटी वजा जाता त्यात खरे लाकूड सुमारे दोन तृतीयांश असते. हा हिशोब हाती असला म्हणजे मित्राकडून किती लाकूड आणायचे याला मर्यादा पडते.

तुकड्यांची लांबीही याच टप्प्यावर नक्की करावी. चुलीच्या किंवा शेगडीच्या तोंडाचे आणि पोटाचे माप टेपने घ्यावे, त्यातून पाचेक सेंटीमीटर वजा करावेत आणि त्या मापाची एक काठी कापून सोबत न्यावी.

त्यानंतर मित्राशी सविस्तर बोलणे करावे. सरळ, जाड बुंधा फळ्यांसाठी ठेवायचा आहे का, बारीक फाटे आणि पाला कोठे टाकायचा, बुडखा तसाच राहू द्यायचा का, चेनसॉचा, म्हणजे साखळीच्या यंत्र-करवतीचा, आवाज कोणत्या वेळी चालेल आणि गाडी कोणत्या बाजूने आत आणायची, हे मुद्दे आधीच स्पष्ट झाले तर दोघांनाही संकोच राहत नाही. झाड तोडण्याची परवानगी मिळालेली असली तरी लाकूड वाहून नेण्यासाठी अनेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो. त्याची चौकशी करून कागद गाडीत ठेवावा. लाकूड फार दूर नेऊ नये, हेही मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण सालीखालच्या किडी सरपणाबरोबर प्रवास करतात. अमेरिकेत ॲश वृक्षांना पोखरणारा हिरवा भुंगा 2002 मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि तो दूरदूर पसरण्यास सरपणाची वाहतूक मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली.

प्रत्यक्ष कामाच्या आधी एकदा टेप, खडू आणि वही घेऊन जागा पाहून यावी. वजनाचा अंदाज येथे घ्यायचा असतो आणि तो बहुतेकांचा कमी पडतो. 30 सेंटीमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण 60 ते 75 किलो भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते, म्हणजे 60 सेंटीमीटरचा तेवढाच ओंडका दोन माणसांनाही उचलवत नाही, तो जागेवरच कापून फोडावा लागतो. गाडीची वहनक्षमता पाहून एका खेपेचे लाकूड ठरवावे आणि माती ओली असेल तर जड गाडी आत नेण्याचा दिवस पुढे ढकलावा. कुंपणाजवळच्या झाडात जुने खिळे आणि तारा रुतलेल्या असतात. कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड असल्याची शंका घेऊन तो भाग सोडून द्यावा. पोकळ खोडात मधमाश्या किंवा साप आहेत का, हे लांब काठीने आणि पुरेशा अंतरावरून तपासावे. कण्हेरीसारख्या विषारी झाडांचे फाटे ढिगात मिसळले असतील तर ते वेगळे काढावेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो.

या पाहणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे प्रत्येक खोड कशावर टेकले आहे आणि ताण कोठे साठला आहे हे ओळखणे. आडवे पडलेले झाड निरुपद्रवी वाटते, पण त्याच्या वजनाने वाकलेल्या फांद्या कापताक्षणी जोरात उसळतात आणि उतारावरचा ओंडका सुटला की घरंगळू लागतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबात व खालची ताणात असते. अशा वेळी वरून अगदी खोलवर कापत गेले की पाते चिमटते, म्हणून आधी वरून सुमारे एक तृतीयांश कापावे आणि उरलेला काप खालून वर न्यावा. एकच टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल तर क्रम उलटा होतो: पहिला काप खालून, दुसरा वरून. कोणती बाजू दाबात आहे ते खडूने खोडावरच लिहून ठेवण्याची पद्धत मला फार उपयोगाची वाटते, कारण यंत्र सुरू झाल्यावर विचार करायला उसंत मिळत नाही. मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचे खोड कापले की मुळांचा मातीसह गड्डा अचानक मागे उभा राहू शकतो, म्हणून ते काम अनुभवी माणसाकडेच सोपवावे. उतारावर नेहमी ओंडक्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे.

अवजारांत चेनसॉ असेल तर तिची साखळी आदल्या दिवशी गोल कानशीने धारदार करावी. धार चांगली असता जाडसर ढलप्या पडतात, बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. अनेक टू-स्ट्रोक यंत्रांना एक लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर तेल असे मिश्रण लागते, पण आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाण पाहूनच ते तयार करावे. साखळीला लागणारे तेल वेगळे असते, तेही पुरेसे घ्यावे. साखळीचा ब्रेक चालतो की नाही हे दर वेळी तपासावे, कारण पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास यंत्र क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्याच कारणाने खांद्याच्या वर यंत्र उचलून काप घेऊ नये. शिरस्त्राण, चष्मा किंवा जाळी, कानांवरचे संरक्षक, पायांसाठी साखळी अडवणारे खास आवरण आणि पोलादी टोकाचे बूट नसतील तर चेनसॉ हाती घेऊच नये. अशा वेळी दोघांनी ओढायची करवत आणि कोयता बरा, काम सावकाश होईल एवढेच. फटीत ठोकायला प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पाचरी घ्याव्यात. लोखंडी पाचर पात्याला लागली तर साखळी निकामी होते.

फोडण्यासाठी जड घणकुऱ्हाड, दोनतीन लोखंडी पाचरी आणि गुडघ्याएवढ्या उंचीचा रुंद ओंडका ठोकळा म्हणून हवा. बहुतेक लाकूड ओले असतानाच सहज फुटते, म्हणून वाळेपर्यंत थांबू नये. टोकावर आधीच पडलेली भेग शोधून तिच्या रेषेत घाव घालावा, गाठी बाजूला ठेवाव्यात आणि फार गाठाळ तुकडे शेवटी पाचरीने फोडावेत. 10 ते 15 सेंटीमीटर जाडीच्या फाकी लवकर वाळतात.

कामाच्या दिवशी किमान दोघे असावेत, पण एका खोडावर एकानेच कापावे आणि दुसऱ्याने कापणाऱ्यापासून लांब, त्याच्या नजरेच्या टप्प्यात थांबावे. प्रथमोपचाराच्या पेटीत दाब देऊन बांधायची मोठी पट्टी असावी, फोनला रेंज कोठे येते हे माहीत असावे आणि जागेचा नेमका पत्ता लिहून ठेवलेला असावा. पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे. इंधन भरताना यंत्र थंड होऊ द्यावे आणि भरलेल्या जागेपासून काही पावले दूर जाऊन ते सुरू करावे. हात थरथरू लागले किंवा काप वाकडा जाऊ लागला की यंत्र बंद करावे. उरलेल्या खोडांखाली दगड लावून ती घरंगळणार नाहीत अशी अडकवावीत आणि पुन्हा कधी येणार हे मित्राला सांगून, फाटे एका कडेला ओढून, वाट मोकळी करूनच निघावे.