आयती मिळालेली ई-मेल यादी जीमेलमध्ये कशी घ्यावी आणि कशी वापरावी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांचा गट असो, गोकुळ शिरगावचे कारखानदार असोत की नागाळा पार्कातली सोसायटी, शे-दोनशे पत्त्यांची एक्सेल फाईल कुणाकडे तरी असते आणि पदाधिकारी बदलले की ती नव्या सेक्रेटरींकडे येते. मग प्रत्येक नोटिशीला पत्ते कॉपी-पेस्ट करणं सुरू होतं. तीच यादी एकदा गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये, म्हणजे जीमेलच्या संपर्कवहीत, नीट घेतली तर हे काम पाच सेकंदांवर येतं.

आधी फाईल स्वच्छ करा. बहुतेक घोळ इथलेच असतात, म्हणून इथे घाई नको. एका चौकटीत एकच पत्ता हवा. स्वल्पविराम देऊन कोंबलेले दोन पत्ते वेगळे करा. पत्त्याच्या शेवटी राहिलेली स्पेस डोळ्यांना दिसत नाही, ती एक्सेलच्या ट्रिम (TRIM) फॉर्म्युल्याने काढा. मोबाईल नंबर ९१ लावून बारा आकडी लिहिला असेल तर एक्सेल तो ९.१९ई+११ असा दाखवतं. तसाच सेव्ह केला तर उरलेले आकडे कायमचे जातात. तो रकाना आधी 'नंबर' करा, दशांश स्थळं शून्य ठेवा.

रकान्यांची नावं मनाने देऊ नका. गुगल कॉन्टॅक्ट्समधला कोणताही एक संपर्क 'गुगल सीएसव्ही' (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) म्हणून एक्स्पोर्ट करा, त्या फाईलची पहिली ओळ जशीच्या तशी ठेवा आणि खाली आपली माहिती भरा. लेबलचा, म्हणजे गटाच्या नावाचा, रकाना रिकामाच सोडा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

आता कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा, डावीकडे 'इम्पोर्ट' दाबा आणि फाईल निवडा. त्याच चौकटीत लेबल विचारलं जातं. तिथेच 'शाहूपुरी व्यापारी' असं नवं लेबल तयार करा. हे राहिलं तर दोनशे नावं तुमच्या घरच्या नंबरांत मिसळतात. एका वेळी ३,००० संपर्क घेता येतात. इम्पोर्ट झाल्यावर लेबलसमोरचा आकडा फाईलमधल्या ओळींशी ताडून पाहा, पहिली ओळ सोडून. गुगल सुचवेल ते 'मर्ज' (दोन नोंदींची एक करणं) डोळे मिटून स्वीकारू नका: एकाच दुकानाचा ई-मेल दोघा भावांच्या नावावर असू शकतो.

मेल पाठवताना 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता आणि 'बीसीसी'मध्ये, म्हणजे इतरांना पत्ते न दिसणाऱ्या रकान्यात, लेबलचं नाव टाइप करा. सगळे पत्ते आपोआप भरले जातात. यादी 'टू'मध्ये टाकली तर प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि एकाने 'रिप्लाय ऑल' केलं की त्याचं उत्तर सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जातं. लोकांनी पत्ता संघटनेला विश्वासाने दिलेला असतो, तो जपलाच पाहिजे. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो. मर्यादा ओलांडली तर २४ तासांपर्यंत पाठवणं बंद होऊ शकतं.

इम्पोर्ट केलेली यादी ही फक्त प्रत असते, हे फार जण विसरतात. अध्यक्षांनी त्यांच्याकडे एक पत्ता बदलला तरी तुमच्याकडे जुनाच राहतो. म्हणून मूळ फाईल एकाच व्यक्तीकडे ठेवा आणि फाईलच्या नावात तारीख टाका. बदल सतत होत असतील तर गुगल ग्रुप्सवर गटाचा एकच पत्ता काढणं बरं. सभासद तिथे एकाच ठिकाणी वाढतात आणि कमी होतात.

चाचणी मेल मे महिन्यातच पाठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा माल हलवण्याची सूचना तासाभरात पोचावी लागते; परत आलेले मेल तेव्हा तपासायला कुणाला सवड नसते. परत आलेल्या मेलमध्ये 'पत्ता सापडला नाही' असं असेल तर स्पेलिंग तपासा. 'इनबॉक्स भरला आहे' असं असेल तर त्या माणसाला फोन करा, पत्ता काढून टाकू नका. आणि इम्पोर्टच फसलं असेल तर सेटिंग्जमधल्या 'अनडू चेंजेस'ने गेल्या ३० दिवसांतली कोणतीही स्थिती परत आणता येते. मात्र त्या वेळेनंतर जोडलेले इतर नंबरही जातात, तेव्हा आधी एक एक्स्पोर्ट काढून ठेवा.