लूप चालू असताना यादीतून नोंद काढायचीय?
बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली मुलं जावा या प्रोग्रामिंग भाषेत मिनी प्रोजेक्ट करताना हमखास इथे अडकतात. समजा, गावच्या दूध डेअरीचा हिशेब आहे. अ‍ॅरेलिस्टमध्ये सभासदांच्या नोंदी आहेत आणि शून्य लिटरवाल्या गाळायच्या आहेत. फॉर-ईच लूपमध्येच यादीवर रिमूव्ह मारलं की पुढच्या फेरीला 'कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन' येतं. फॉर-ईचच्या पोटात इटरेटरच, म्हणजे यादीतली एकेक नोंद हाती देणारा ऑब्जेक्ट, फिरत असतो. यादी परस्पर बदलली, हे त्याला नेक्स्टच्या वेळी, म्हणजे पुढची नोंद घेताना, कळतं.

खरा धोका मात्र एरर न येण्यात आहे. चार नोंदींतली तिसरी अशी काढून बघा. यादीची लांबी तीन होते, इटरेटरही तीन नोंदी पुढे आलेला असतो, म्हणून 'पुढे नोंद आहे का?' याचं उत्तर देणारं हॅजनेक्स्ट 'नाही' म्हणतं आणि चौथी नोंद न तपासताच लूप गपचूप संपतो. हिशेब चुकतो, पत्ताही लागत नाही!

म्हणून इटरेटर स्वतः घ्या. व्हाइलमध्ये हॅजनेक्स्ट विचारा, नेक्स्टने नोंद उचला, आणि काढायची ती इटरेटरच्याच रिमूव्हने काढा. एका नेक्स्टमागे रिमूव्ह एकदाच, नाहीतर 'इल्लीगल स्टेट एक्सेप्शन'.

नुसतं गाळायचंच असेल तर 2014 मध्ये आलेल्या जावा 8 पासून रिमूव्हइफ आहे; अट दिली की त्यात बसणाऱ्या सगळ्या नोंदी ते स्वतःच काढतं. मी तरी तेच वापरा म्हणेन. पण गाळलेल्या सभासदांची वेगळी यादीही हवी असेल, तर इटरेटरच बरा. लिस्ट डॉट ऑफने केलेली यादी बदलताच येत नाही, म्हणून तिच्यावर यातलं काहीच चालत नाही, ती आधी नव्या अ‍ॅरेलिस्टमध्ये घ्या.