छोट्या रंगमंचावर नव्या सामाजिक नाटकांचा हंगाम कसा आखावा

ऐंशी खुर्च्या आणि विंगेत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. एवढ्यावर एका हंगामात चार कोरी नाटकं करायची, तीही बंद पडलेला कारखाना, बेघर माणसं, म्हातारपण, स्थलांतर अशा विषयांवर. जमतं. पण आखणी संहितेपासून करायला हवी. पोस्टर आधी छापून मग नाटकं शोधणारेही पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

१. विषय बघू नका, पेच बघा

'ज्वलंत विषय' म्हणून आलेल्या संहितांमध्ये बहुतेकदा नाटक कमी आणि भाषण जास्त असतं. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. लेखकाला जे पात्र पटत नाही, त्याचेच संवाद सलग वाचून काढा. कारखाना बंद करणाऱ्या मालकाचं बोलणं ऐकून क्षणभर तरी 'याचंही खरं आहे' असं वाटलं, तर संहिता ठेवा. तो नुसताच दुष्ट असेल तर प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत निकाल लावून मोकळा होतो आणि उरलेला वेळ घड्याळ बघतो.

२. आधी वाचन, मग निर्णय

हंगामाच्या निदान सहा महिने आधी सात-आठ संहितांची वाचनं लावा, त्यातून चार निवडा. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९५७ पासून रविवारी रात्री नव्या नाटकांचे नेपथ्याविना प्रयोग सुरू केले, त्यामागचा हिशेब हाच होता. कमी खर्चात नवा लेखक प्रेक्षकांसमोर उभा करायचा. तुम्हाला तर तेवढंही लागत नाही, अर्धवर्तुळात खुर्च्या मांडल्या की झालं.

नाट्यसंस्थेबाहेरची दहा-बारा माणसं बोलवा. एकाने संहिता हातात घेऊन ऐकणाऱ्यांकडे तोंड करून बसायचं. खोकला वाढला, कुणी मांडी बदलली, कुणाचा अंगठा मोबाइलकडे गेला की त्या ओळीसमोर पेन्सिलने रेघ मारायची. वाचन संपल्यावर 'आवडलं का?' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. 'कुठे लक्ष उडालं?' आणि 'शेवटी कुणाची काळजी वाटली?' एवढंच विचारा. लेखकाने त्या दिवशी फक्त ऐकायचं, समर्थन करायचं नाही. उत्तरं आणि पेन्सिलच्या रेघा जिथे जुळतात, तिथे पुनर्लेखन.

बदलांबद्दल लेखकाशी आधीच लेखी करार करा. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस'ची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८७९ साली आलेल्या या नाटकाचा शेवट जर्मनीतल्या प्रमुख अभिनेत्रीला मान्य नव्हता. मुलांना सोडून जाणारी आई ती करायला तयार होईना. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नाइलाजाने पर्यायी शेवट लिहून दिला. त्याला तो कधीच पटला नाही.

३. ज्यांची गोष्ट, त्यांना तालमीत बोलवा

पहिल्या प्रयोगाला नव्हे, तालमीला. आमच्या एका नाटकात रात्रपाळी करून घरी आलेली परिचारिका दारातच कोसळून रडायची. तालीम बघायला आलेल्या एक परिचारिका म्हणाल्या, "आधी बूट काढते हो ती. रडणं नंतर." आम्ही बूट काढायला लावले. नटीला लेस सुटेना, त्यातच ती रडायला लागली, आणि तो प्रवेश उभा राहिला. अशा माणसांना मानधन द्या. तो सल्ला आहे, उपकार नाही.

४. क्रम आणि तारखा

पहिलं नाटक सगळ्यात चांगलं नको, सगळ्यात तयार हवं. कच्ची संहिता शेवटी ठेवा, लेखकाला तेवढेच महिने मिळतात. दोन जड नाटकं लागोपाठ लावू नका, मध्ये हसवणारं घाला. गंभीर विषयावर हसवणारं नाटक असतं आणि ते लिहायला जास्त अवघड असतं. तारखा पहिल्या प्रयोगापासून मागे मोजा: दोन दिवस रंगीत तालीम, त्याआधी एक दिवस सेट आणि प्रकाशयोजनेला, त्याआधी पाच-सहा आठवडे तालीम. तालमीचा तिसरा आठवडा संपला की संहिता पक्की. त्यानंतर नवीन स्वगत सुचलं तर ते पुढच्या नाटकात.

चारही नाटकांना तेच लेव्हल्स (मंचावरचे चौथरे) आणि तीच टेबलं वापरता येतील असा नेपथ्याचा पाया ठरवा.

५. हिशेब

चार नाटकांचे प्रत्येकी सहा प्रयोग, म्हणजे २४. ऐंशी खुर्च्यांप्रमाणे १,९२० जागा. अंदाजपत्रक ९६० जागांवर करा. निम्म्या तिकिटांत खर्च निघत नसेल तर एक नाटक कमी करा, मानधन नव्हे.

जाहिरातीत 'विचार करायला लावणारं नाटक' लिहू नका. गोष्ट लिहा: 'कारखाना बंद झाल्यावरही तो रोज डबा घेऊन निघतो.'

६. प्रयोगानंतरची चर्चा

रोज नको, सहापैकी दोन प्रयोगांना पुरे. ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीने फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकालाच मंचावर आणलं. प्रसंग पुन्हा सुरू करायचा, प्रेक्षकाने 'थांबा' म्हणायचं आणि नायकाच्या जागी स्वतः उभं राहून दुसरा मार्ग करून दाखवायचा. पुढे रिओचा नगरसेवक असताना, १९९३ ते १९९६, त्याने याच पद्धतीने लोकांकडून कायद्यांच्या सूचना घेतल्या. पण त्यासाठी नाटकही तसंच बांधलेलं लागतं. पूर्ण लिहिलेल्या नाटकाला हे शेपूट चिकटवू नका.

साध्या चर्चेत पहिला प्रश्न दिग्दर्शकाला नको, प्रेक्षकांना हवा. तोही मतांचा नाही, 'कोणता प्रसंग डोळ्यांसमोर राहिला?' असा. आणि टाळ्या थांबल्यावर लगेच माइक आणू नका. प्रेक्षागृहातले दिवे सावकाश वर घ्या, पाच मिनिटं जाऊ द्या, दरवाजे उघडे ठेवा. ज्याला न बोलता घरी जायचंय, त्याला वाट मिळाली पाहिजे.