पिना संपल्या? आरएक्स मोकळी करा

इंदूरच्या आमच्या घरी गच्चीवरच्या टाकीसाठी आर्डुइनो ऊनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर पंपाचं कंट्रोलर जमवत होतो. फ्लोट स्विचला, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणाऱ्या स्विचला, पिनच उरेना. बोर्ड फक्त संगणकावरच्या सीरियल मॉनिटर या खिडकीत माहिती पाठवतो, ऐकत काहीच नाही. मग पिन 0, म्हणजे आरएक्स ही माहिती ऐकणारी पिन, अडवून कशाला ठेवायची?

1. सेटअपमध्ये सीरियल नेहमीसारखं सुरू करा.
2. त्याच्या नंतरच यूसीएसआर-झीरो-बी (UCSR0B) या चिपच्या सीरियल सेटिंगच्या रजिस्टरमधला आरएक्सईएन-झीरो (RXEN0) हा ऐकणं चालू ठेवणारा एकच बिट शून्य करा. अख्खं रजिस्टर शून्य केलंत तर टीएक्स, म्हणजे माहिती पाठवणारी पिनही बंद पडेल.
3. पिन 0 इनपुट-पुलअप (स्विच उघडा असताना आतूनच हाय राहणारी इनपुट) करून स्विच तिच्यात आणि ग्राउंडमध्ये जोडा.

प्रोग्राम चढवताना मात्र ती वायर काढाच. बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चढवून घेणारा बोर्डवरचा छोटा प्रोग्राम, याच पिनवरून ऐकतो. स्विच जोडलेला असला तर अपलोड अडकू शकतं.